‘उतरलं असू शकतं,’ असं मी म्हणाले

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक तीन वर्षं मागे लागले होते. "वंदनाताई, तुम्ही सगळी नोकरी विमानतळाच्या टॉवरमध्ये काढली. काहीतरी मजेदार लिहा ना." मजेदार माझ्याकडे पुष्कळ आहे. धावपट्टीवर येऊन ठाण मांडणारी चितळं आहेत, मंत्र्यांच्या विमानाला ओवाळायला निघालेले कार्यकर्ते आहेत. पण लिहायला बसलं की दरवेळी एकच गोष्ट समोर येते आणि ती मजेदार नाही. ती लिहून झाल्याशिवाय बाकीच्या बाहेर येणार नाहीत असं दिसतं. माणसांची नावं बदलली आहेत. माझी चूक आहे तशी ठेवली आहे.

मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर होते. जबलपूरच्या आमच्या नातेवाइकांत याचा अर्थ कुणालाच नीट कळला नाही. सासरच्या एका आत्याबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी विमानात चहा देते. आम्ही राहतो त्या सदर भागातली एका फौजीची बायको टॉवरला फोन करून विचारायची, "दीदी, इनका जहाज़ हमारी छत के ऊपर से कितने बजे जाएगा?" तिला वेळ सांगणं नियमात बसत नव्हतं. मी सांगत असे. मग ती गच्चीवर जाऊन ओढणी हलवायची, आणि नवऱ्याला ती दिसली की नाही ते दुसऱ्या दिवशी मलाच विचारायची.

काम खरं तर एका वाक्याचं आहे. आपल्या ताब्यातलं प्रत्येक विमान या घटकेला कुठं आहे, हे माहीत असलं पाहिजे. लोकांना वाटतं आमच्यासमोर मोठा पडदा असतो आणि त्यावर विमानं ठिपक्यांसारखी हलत असतात. मोठ्या विमानतळांवर असतो. आमच्या डुमन्याला, म्हणजे जबलपूरच्या विमानतळावर, माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं तो नव्हता. आमच्याकडे दुर्बीण होती, रेडिओ होता आणि कागदाच्या अरुंद पट्ट्या होत्या. वैमानिक सांगणार की मी अमुक उंचीवर आहे, अमुक ठिकाणावर अमुक मिनिटाला पोचेन. ते पट्टीवर लिहायचं. त्या मिनिटाला त्याचा आवाज आला की खूण करायची. म्हणजे शेवटच्या दहा मैलांपर्यंत विमान आम्हाला दिसत नसे, नुसतं ऐकू येत असे.

कधी तरी ते मिनिट येतं आणि आवाज येत नाही. दहातल्या नऊ वेळा वैमानिक दुसऱ्या कुणाशी बोलत असतो किंवा त्यानं रेडिओचा आकडा चुकीचा फिरवलेला असतो. पण अर्धा तास गेला तर आम्ही एक अवस्था जाहीर करतो. तिचं नावच 'अनिश्चितता' असं आहे. त्यानंतर 'सावधान', आणि त्यानंतर 'संकट'. सरकारी भाषेत इतकी प्रामाणिक नावं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. एकतीस वर्षांत 'संकट' मी एकदाच जाहीर केलं.

ते एका फ्लाइंग क्लबचं एका इंजिनाचं छोटं विमान होतं. नागपूरकडून येत होतं, आत पन्नाशीचे एक कॅप्टन एकटेच. पोचायची वेळ झाली, आवाज नाही. नागपूरला विचारलं, भोपाळला विचारलं. वर फिरणाऱ्या दुसऱ्या विमानाकडून हाका मारवल्या. पहिली अवस्था झाली, दुसरी झाली. शेवटी तिसरी जाहीर करून मी लॉगमध्ये वेळ लिहिली. तेवढ्यात फोन वाजला. जबलपूरजवळच्या पाटन गावाच्या ठाण्याहून हवालदार बोलत होता, "मैडम, आपका एक हवाई जहाज़ हमारे यहाँ मटर के खेत में खड़ा है। पायलट साहब चाय पी रहे हैं। इसका क्या करना है?"

इंजिन बंद पडलं होतं, कॅप्टननी ते शेतात अलगद टेकवलं होतं. संध्याकाळी ते टॉवरमध्ये आले तेव्हा त्यांच्या बुटांना चिखल होता आणि हातात शेतकऱ्यानं दिलेली मटारची पिशवी. मी त्यांना भरपूर बोलले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढं कितीतरी वर्षं हा किस्सा मी मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत सांगत आले. खोरगडे काकांनीही तो तिथंच कुठंतरी ऐकला असणार.

वसंतराव खोरगडे जबलपूरच्याच गढा भागात राहायचे. मूळचे वर्ध्याकडचे, इथं फॅक्टरीत तपासणी विभागात आयुष्य गेलं. तोफगोळ्याचा प्रत्येक भाग मापात आहे की नाही हे गेज लावून पाहायचं, आणि मापात नसेल तर बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्यांच्या रांगा तेच लावायचे आणि एक खुर्ची जरी तिरपी असली तरी उठून सरळ करायचे. त्यांचा एकुलता मुलगा प्रशांत यंत्र अभियंता होता. सहा महिन्यांसाठी कंपनीनं त्याला परदेशी पाठवलं होतं. बायको शिल्पा इथंच सासरी, शाळेत शिकवायची. मुलगी ओवी दोन वर्षांची.

प्रशांत सुट्टीवर परत येत होता. तिकडच्या एका शहरातून दुसऱ्या शहरात आणि तिथून मुंबई, असं तिकीट होतं. पहिलं विमान दुसऱ्या शहरात पोचलंच नाही. वाटेत समुद्र होता. वैमानिकानं एका ठिकाणी ठरल्याप्रमाणे आपली जागा कळवली, आवाज अगदी साधा होता म्हणे, आणि त्यानंतर काहीच नाही. मदतीची हाक नाही, हवा खराब नव्हती, विमान जुनं नव्हतं.

सकाळी साडेनऊच्या सुमारास काका माझ्या दारात उभे होते. मला त्या दिवशी दुपारची पाळी होती. गढ्याहून सदरपर्यंत ऑटोनं आले होते आणि ऑटो थांबवूनच ठेवला होता, जणू उत्तर घेऊन लगेच परत जायचं होतं.

"ताई, टीव्हीवाले सांगून राहिले की संपर्क तुटला. संपर्क तुटणं म्हणजे काय असते?"

मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. समुद्रावर जमिनीवरचं रडार पोचत नाही, तिथं विमान स्वतःच ठरावीक वेळानं आपली जागा कळवत असतं, हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "तुमच्या पाटनच्या विमानाचाही आवाज बंद झाला होता ना? तेही तर उतरलंच होतं."

ते माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती. इतकी वर्षं ओळख, पण या माणसाचं काही वाकडं झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"उतरलं असू शकतं, काका," मी म्हणाले.

"म्हणजे होऊ शकते?"

"होऊ शकतं."

त्यांनी हात जोडले आणि ऑटोत बसून गेले. एवढंच झालं.

शोध बरेच महिने चालला. जहाजं फिरली, विमानं फिरली, तळाशी यंत्रं सोडली. एक खुर्ची मिळाली नाही, एक तुकडा मिळाला नाही. काका दर रविवारी सकाळी माझ्याकडे येऊ लागले. आधी वर्तमानपत्राची कात्रणं असायची, मग मोबाईल आला. कुणी म्हणायचं विमान पळवून एका बेटावर नेलं, कुणी म्हणायचं कुठल्याशा फौजेच्या तळावर झाकून ठेवलंय. मी प्रत्येक गोष्ट खोडून काढायची. एवढं मोठं विमान झाकता येत नाही, बेटावर तेवढी धावपट्टी नाही. काका मान हलवायचे. पण मी एक एक वाट बंद करत होते आणि मुख्य दार मीच उघडं ठेवलं होतं. ते बंद करायला माझी जीभ उचलत नव्हती.

"आमच्याकडे एक नट कमी भरला तर शिफ्ट सुटत नव्हती," ते एकदा म्हणाले. "सायरन वाजून जाये, हजार माणसं गेटवर उभी राहत, पण नट सापडल्याबिगर कोणी घरी जात नव्हतं. अन् इथं एवढं विमान कमी भरलं, अन् सगळे घरी गेले."

चौकशीचा अहवाल आला तेव्हा त्याची छापील प्रत घेऊन ते आले. इंग्रजी होता, जाडजूड. मी दर रविवारी वीस वीस पानं त्यांना मराठीत सांगत गेले. त्यात विमानाची दुरुस्ती होती, वैमानिकांच्या झोपेचे तास होते, सामानाची यादी होती. काका वहीत लिहून घ्यायचे. शेवटच्या रविवारी मी शेवटचं पान वाचलं. विमान नाहीसं होण्याचं कारण निश्चित करता आलेलं नाही, असं त्यात होतं. काकांनी पेन मिटलं. "म्हणजे यांनाही माहीत नाही," ते म्हणाले. मला वाटलं ते खचतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर थोडी उमेदच दिसली. कुणालाच माहीत नाही, म्हणजे अजून सगळं शक्य आहे.

या काळात काकू गेल्या. ओवी शाळेत जाऊ लागली.

सात वर्षं उलटल्यावर एका दुपारी शिल्पा माझ्याकडे आली. एकटीच. ती माझ्याशी फार बोलत नसे. चहा ठेवला तर तो तसाच राहिला.

"ताई, कोर्टात अर्ज करून राहिले मी. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो गेला असं कोर्ट मानते. तिकडच्या सरकारचं पत्र आहे, पण इथल्या ऑफिसात ते चालत नाही. कोर्टाचा कागद पाहिजे."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"नागपूरला एक जण आहेत. माझ्या मैत्रिणीचे भाऊ. दोन वर्षं थांबले माझ्यासाठी. ओवी त्यांना ओळखते." तिनं कप बाजूला सरकवला. "बाबांनी अडवून धरलं. कोर्टात येऊन सांगीन म्हणतात की माझा मुलगा जिवंत असू शकते. वकील म्हणते, बापच असं बोलला तर केस लटकून जाईल."

"मी बोलते त्यांच्याशी."

"बोला. कारण ते दरवेळी तुमचं नाव घेतात. 'वंदनाताई त्यातल्या आहेत, त्या म्हणाल्या उतरू शकते.'" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही असं म्हणाल्या होत्या का, ताई?"

"हो."

"तुम्हाला तसं वाटत होतं?"

मी तिचा गार झालेला कप उचलला. ती उठली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "मलाही कोणीतरी खोटं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मला कोणीच काही सांगितलं नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गढ्याला गेले. काका ओट्यावर ओवीच्या सायकलची साखळी बसवत होते. आम्ही आत बसलो. मी पर्समधून एक कोरा फॉर्म काढला. प्रत्येक विमान निघण्याआधी वैमानिक तो भरून देतो. कुठून कुठं, कोणत्या वाटेनं, आत माणसं किती. खाली एक चौकट असते, तिच्यावर मी बोट ठेवलं.

"काका, इथं लिहितात की टाकीतलं इंधन किती तास किती मिनिटं पुरेल. ही वेळ आम्हाला माहीत असते. त्यानंतर ते विमान हवेत असूच शकत नाही. मग ते कुठंही असो."

काकांनी चष्मा लावून चौकट पाहिली.

"प्रशांतच्या विमानाचा हा आकडा त्या सकाळी बातम्यांत सांगितला होता. तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा तो संपून तीन तास झाले होते."

"पण उतरलं असंन तर..."

"पाटनला उतरलं ते दोन माणसांचं विमान होतं. त्याला शेत पुरलं. प्रशांतच्या विमानाला मैल-दीड मैल पक्की धावपट्टी लागते. तेवढी धावपट्टी जिथं आहे तिथं टॉवर असतो, माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं. आम्हा लोकांपासून ते लपत नाही. त्या तीन तासांत जगातल्या कुठल्याही टॉवरनं ते आलं असं कळवलं नव्हतं. मला हे तेव्हाच समजलं होतं, काका."

बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"मग तुम्ही पाटनचं काहून म्हणाल्या?"

"तुमच्याकडे पाहून म्हणाले. त्या वेळी दुसरं तोंडातून निघालं नाही."

"त्या वेळी ठीक आहे. त्या वेळी मीही नसतो बोललो." त्यांनी फॉर्मची घडी घातली, कडा जुळवून, नखानं दाबून. "पण नंतर तीनशे रविवार आलो मी. तुम्ही सगळं तपासून पाहत होत्या माझ्यासोबत, हे खरं की ते खोटं. मी इन्स्पेक्टर माणूस, ताई. मी खराब माल सहन करू शकतो. पण गेजच खोटं असंन तर मी काय तपासू?"

मी माफ करा म्हणाले. ते म्हणाले, "चाय पिऊन जा." त्यांनी स्वतः केला. आम्ही तो प्यायलो. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

कोर्टात त्यांची साक्ष झाली तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. शिल्पानं बोलावलं होतं, माझी साक्ष नव्हती. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

न्यायाधीश बाई मवाळ होत्या. त्यांनी विचारलं, "इन सात सालों में बेटे की कोई चिट्ठी, कोई फ़ोन, कोई ख़बर?"

"नहीं साहब।"

"किसी रिश्तेदार को? किसी दोस्त को?"

"किसी को नहीं।"

"तो आप मानते हैं कि वे अब इस दुनिया में नहीं हैं?"

काकांनी कठड्याला धरलं. शिल्पा खाली पाहत होती. इतकी वर्षं रेडिओवर आवाजाची वाट पाहिली, पण अशी कधी पाहिली नव्हती.

"वो लौटेगा नहीं साहब। इतना लिख लीजिए। इसके आगे का मुझसे मत बुलवाइए। बहू को रोकना नहीं है मुझे।"

बाईंनी थोडा विचार केला आणि टंकलेखकाला सांगितलं, "लिखिए, गवाह ने आपत्ति नहीं की।"

काही महिन्यांनी निकाल शिल्पाच्या मनासारखा लागला. तिचं लग्न नागपूरला अगदी घरगुती झालं. ओवीला सोडायला काका स्टेशनवर गेले होते, असं शेजाऱ्यांकडून कळलं. सायकल त्यांनी गाडीत चढवून दिली. आता ओवी त्यांच्याशी फोनवर बोलते, बहुतेक हिंदीत. काका मराठीत विचारतात, ती हिंदीत उत्तर देते.

मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की मॅडमच्या पाळीत एकही विमान बेपत्ता राहिलं नाही. टाळ्या झाल्या. ते खरंही होतं. मला वाटत होतं कधी एकदा खाली बसते.

मंडळात काका दिसायचे. "काय ताई, बरं ना?" म्हणून पुढं जायचे. घरी मात्र ते आले नाहीत, ते थेट गेल्या वर्षी भाद्रपदात आले. या वेळी ऑटो सोडून दिला होता. खिशातून एक चिठ्ठी काढली.

"भटजीला विचारलं मी. श्राद्धाला तिथी पाहिजे म्हणते. कोर्टाच्या कागदावर तारीख आहे, पण त्या दिवशी सकाळी सहा चाळीसला तिथी बदलली. तर ते म्हणे, त्याच्या आधी की नंतर?" चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर सरकवली. "तुमचा तो पेट्रोलवाला हिशोब. तो मिनिटाचा होता ना? आधी येते की नंतर?"

मी कागद घेतला. हिशोब मला पाठ होता. इंधन साडेसहाच्या आसपास संपतं. पण तो शेवटचा आकडा झाला. विमान सरळ उडत राहिलं असेल, तर. इंजिनं बंद पडल्यावरही ते काही मिनिटं तरंगत खाली येतं. आणि त्याच्या कितीतरी आधीच काही झालं असेल, तर शेवटच्या आवाजानंतरचं कुठलंही मिनिट खरं असू शकतं. काका समोर बसून वाट पाहत होते, चष्मा लावून. 'आधी' म्हटलं असतं तरी ते उठून गेले असते, 'नंतर' म्हटलं असतं तरी.

"काका, मला माहीत नाही," मी म्हणाले. "हे कुणालाच माहीत नाही. मी सांगितलं तर ते मनाचं होईल."

त्यांनी चिठ्ठी परत घेतली. तिची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"चालते," ते म्हणाले. "मग सर्वपित्रीला करतो. ज्यांचं काही माहीत नसते, त्यांचं त्या दिवशी करतात." आणि जाता जाता दारात थांबून म्हणाले, "स्वयंपाकाला कोणी नाही घरी. तुम्ही येसान का?"

मी गेले. खीर, वडे, भाजी, कढी केली. काकांनी पान वाढलं, गच्चीवर ठेवलं, आणि कावळा यायची वाट पाहत आम्ही दोघं जिन्यात उभे राहिलो.